कारण आणि अपराध

रोगाला कारण असते हे मान्य करणे आणि रोगामागे कोणीतरी अपराधी असतो असे मानणे, या दोन गोष्टींत मानवी विचाराने फार उशिरा आणि बऱ्याच अनिच्छेने भेद केला आहे; आणि जेथे रोगाचे कारण रोग्याच्या स्वतःच्या शरीरात, आईबापांकडून त्याला जन्मतःच मिळालेल्या द्रव्यात सापडते, तेथे हा भेद पुसला जाण्याचा संभव सर्वाधिक असतो. डीएनएची दुरुस्ती करणाऱ्या जनुकांत वंशपरंपरेने आलेला बिघाड, त्यामुळे किरणोत्सर्गाविषयी वाढलेली संवेदनशीलता आणि तिच्याबरोबर येणारा कर्करोगाचा धोका हा विषय वरवर पाहता प्रयोगशाळेचा आणि रुग्णालयाचा आहे. तथापि ‘हे याच घरात का’ हा प्रश्न त्यातून सुटत नाही, आणि त्या प्रश्नाला या देशात शतकानुशतके मिळत आलेले उत्तर धर्माने दिलेले असल्यामुळे तो धर्मविचाराचाही विषय ठरतो. पालघर जिल्ह्यातील जव्हार आणि मोखाडा या तालुक्यांच्या संदर्भात त्याचा विचार करणे विशेष उचित आहे. तेथील लोकसंख्येत दहांपैकी नऊ माणसे वारली, कोकणा, महादेव कोळी, ठाकूर, कातकरी अशा अनुसूचित जमातींची असून दुखण्याचे कारण शोधण्याची त्यांची स्वतःची परंपरा आहे; शिवाय रस्ता, अन्न, मजुरी आणि दवाखान्याचे अंतर यांचा हिशेब मांडल्याखेरीज तेथील कोणत्याही दुखण्याचे कारण पूर्णपणे सांगता येत नाही.

प्रथम शास्त्राची बाजू. डीएनए हा रेणू स्थिर असतो, म्हणूनच तो पिढ्यान्‌पिढ्या टिकतो, अशी समजूत विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत प्रचलित होती. टोमास लिंडाल यांनी दाखवून दिले की हा रेणू पेशीतील पाण्याच्या आणि उष्णतेच्या सान्निध्यातही आपोआप झिजत असतो. प्रत्येक पेशीत दररोज हजारो ठिकाणी त्याची हानी होते आणि विशिष्ट प्रथिने ती हानी भरून काढत असतात म्हणूनच जीवन शक्य होते. या दुरुस्तीच्या निरनिराळ्या पद्धती उलगडल्याबद्दल लिंडाल, पॉल मॉड्रिच आणि अझीझ संजार यांना 2015 सालचे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. जव्हारच्या पठारावर पावसाळा तोंडावर आला की घराचे छप्पर दरवर्षी शाकारावे लागते. घर उभे असते ते या शाकारणीमुळे, आणि ज्या घरात शाकारणारे हातच अपुरे असतात तेथे इतरांना सोसवणारा पाऊसही घर मोडून टाकतो. शरीराचीही स्थिती अशीच आहे, आणि या शोधाचा तात्त्विक आशय त्याच्या वैद्यकीय उपयोगाइतकाच मोलाचा आहे: देह ही एकदा घडवून ठेवलेली वस्तू नसून क्षणोक्षणी चालू असलेली क्रिया आहे, हे बौद्धांच्या अनित्यतेच्या विचाराशी जुळणारे सत्य येथे रसायनशास्त्राच्या वाटेने समोर येते.

डीएनएला होणाऱ्या इजांपैकी सर्वांत घातक इजा म्हणजे त्याचे दोन्ही धागे एकाच ठिकाणी तुटणे. क्ष-किरणांसारखा आयनकारी किरणोत्सर्ग, म्हणजे अणूंमधून इलेक्ट्रॉन बाहेर काढण्याइतकी ऊर्जा असलेला किरणोत्सर्ग, नेमकी हीच इजा करतो. शोषलेल्या ऊर्जेचे ‘ग्रे’ हे जे एकक आहे, त्याच्या एका मात्रेने प्रत्येक पेशीत अशा सुमारे 40 तुटी पडतात. तूट पडल्याचे ओळखून पेशीला सावध करणाऱ्या प्रथिनाचे जनुक, ज्याला एटीएम म्हणतात, 1995 साली इस्रायलमधील योसेफ शिलोह यांच्या गटाने शोधले. या जनुकाच्या दोन्ही प्रती, म्हणजे आईकडून आलेली आणि बापाकडून आलेली, बिघडलेल्या असतील तर अटॅक्सिया टेलँजिएक्टेशिया हा दुर्मीळ आजार होतो: मुलाचा तोल लहानपणीच जाऊ लागतो, डोळ्यांच्या पांढऱ्या भागात रक्तवाहिन्यांची लाल जाळी दिसते, प्रतिकारशक्ती दुबळी राहते, रक्ताच्या कर्करोगाचा धोका फार वाढतो आणि किरणोपचाराची जी मात्रा इतर रुग्णांना बरे करते ती अशा मुलाच्या जिवावर बेतू शकते. गिडो फॅन्कोनी या स्विस वैद्याने 1927 मध्ये वर्णिलेला फॅन्कोनी ॲनिमिया याच कुळातला आहे. त्यात अस्थिमज्जा निकामी होत जाते आणि मज्जारोपणापूर्वीची औषधे व किरण यांची मात्रा मुद्दाम कमी ठेवावी लागते. झिरोडर्मा पिगमेंटोसम या विकारात उन्हातील अतिनील किरणांनी झालेली इजा भरून निघत नाही आणि कोवळ्या वयात त्वचेचे कर्करोग होतात.

हे विकार विरळ आहेत. त्याहून अधिक घरांशी संबंध येतो तो बीआरसीए-1 आणि बीआरसीए-2 या जनुकांचा, कारण तेथे बिघडलेली एकच प्रत वारशाने येणेही धोक्याचे ठरते. व्यक्ती जन्मतः निरोगी असते, दुसरी चांगली प्रत काम चालवत राहते, आणि पुढे एखाद्या पेशीत तीही हरपली की त्या पेशीची दुरुस्ती थांबते. असा बिघाड वारशाने आलेल्या स्त्रियांचा पुढे अनेक वर्षे मागोवा घेणाऱ्या आणि 2017 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या आंतरराष्ट्रीय अभ्यासात असे आढळले की वयाच्या 80 वर्षांपर्यंत त्यांपैकी शेकडा सुमारे 70 जणींना स्तनाचा कर्करोग होतो. याचाच अर्थ असा की शेकडा सुमारे 30 जणींना तो होत नाही. वारशाने मिळतो तो धोका, रोग नव्हे. एकूण कर्करोगांपैकी स्पष्टपणे आनुवंशिक असे शंभरात पाच ते दहाच असतात, ही गोष्टही सदैव ध्यानात ठेवावी लागते, कारण ग्रामीण महाराष्ट्रात तंबाखू, मिश्री आणि गर्भाशयमुखाला होणारा विषाणुसंसर्ग यांनी घेतलेले बळी कितीतरी अधिक आहेत.

किरणोत्सर्ग हा शब्द उच्चारताच पालघर जिल्ह्यात कोणाच्याही मनात तारापूर येते, कारण देशातील पहिली अणुवीज 1969 मध्ये याच जिल्ह्याच्या किनाऱ्यावर तयार झाली. म्हणून एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. किरणोत्सर्गाने जनुकांत बदल होणे आणि जनुकांतील बदलामुळे किरणोत्सर्ग अधिक बाधणे या परस्परांहून भिन्न घटना आहेत. हर्मन मुलर यांनी 1927 मध्ये क्ष-किरणांनी फळमाशीच्या संततीत बदल घडवून दाखवले हे खरे. परंतु हिरोशिमा आणि नागासाकी येथील वाचलेल्यांच्या पुढे जन्मलेल्या मुलांत दशकानुदशके शोध घेऊनही वारशाने आलेल्या विकारांत स्पष्ट वाढ आढळलेली नाही. केरळातील करुनागप्पल्ली येथे थोरियमयुक्त वाळूमुळे निसर्गतःच किरणोत्सर्ग अधिक आहे, आणि तेथील सुमारे 70 हजार रहिवाशांच्या 2009 मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत कर्करोगाचे जादा प्रमाण दिसले नाही. आज एखाद्या कुटुंबात सापडणारा दुरुस्ती-जनुकाचा बिघाड बहुधा अणुयुगाच्या फार आधी, अनेक पिढ्यांपूर्वीच्या कोणा अज्ञात पूर्वजाच्या बीजात झालेला असतो. तेथे गुन्हेगार शोधू गेल्यास हाती कोणीच लागत नाही.

आणि नेमकी हीच रिकामी जागा कर्मविपाकाने भरून काढली. कर्मविपाक म्हणजे केलेल्या कर्माचे फळ या किंवा पुढील जन्मी पक्व होणे. मनुस्मृतीच्या अकराव्या अध्यायात कोणत्या पातकाचे कोणते शारीरिक चिन्ह पुढील जन्मी उमटते याची यादीच दिली आहे, आणि तीनुसार क्षयरोग हे ब्रह्महत्येचे फळ होय. ज्या डोंगराळ मुलखात उपासमार आणि धुराने कोंडलेली घरे यांच्या आश्रयाने क्षयाने पिढ्या खाल्ल्या, तेथील माणसांविषयी हे विधान कोणता निवाडा देते हे वेगळे सांगण्याची गरज नाही. क्षयाचा जंतू रॉबर्ट कॉख यांनी 1882 साली दाखवला आणि तो कोणाचे पूर्वचरित्र पाहून शरीरात शिरत नाही. तथापि भारतीय परंपरा एकमुखी नव्हती हेही तितक्याच ठामपणे सांगितले पाहिजे. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात व्याधींचे सात प्रकार सांगताना शुक्र आणि शोणित यांच्या दोषातून येणारे, मातृज आणि पितृज अशा दोन पोटभेदांचे ‘आदिबलप्रवृत्त’ व्याधी आणि दैवी प्रकोपातून येणारे ‘दैवबलप्रवृत्त’ व्याधी हे वेगवेगळे वर्ग म्हणून मांडले आहेत. चरकसंहितेच्या शारीरस्थानात बीजाचा जो भाग बिघडतो त्यापासून घडणारा अवयव बिघडतो, असा विचार आहे. त्याच ग्रंथपरंपरेत कुष्ठाला पापाचे फळ म्हणणारी वचनेही आहेत, म्हणजे दोन दृष्टी शेजारी शेजारी नांदत होत्या; परंतु जन्मजात व्याधीचे कारण बीजात शोधणारी दृष्टी बाहेरून आयात झालेली नाही. संयुत्तनिकायात मोळियसीवक नावाचा परिव्राजक बुद्धांना विचारतो की माणूस जे जे सुखदुःख भोगतो ते सर्व पूर्वकर्मामुळेच का, तेव्हा बुद्ध पित्त, कफ, वात, त्यांचा सन्निपात, ऋतूतील बदल, विषम वर्तन, आघात अशी कारणे मोजून दाखवतात आणि कर्मविपाकाला त्या आठांपैकी केवळ शेवटचे स्थान देतात.

कर्मवादाचा सूक्ष्म पुरस्कर्ता यावर असे म्हणू शकेल की जनुक हे निमित्त आहे, प्रारब्ध त्याच्या द्वारे फळते. अमुक जीवाने अमुक बीजातच का प्रवेश करावा याचे उत्तर शास्त्रापाशी नाही. हा युक्तिवाद खोडून काढता येत नाही, कारण कोणत्याही घटनेशी तो जुळवून घेता येतो. परंतु म्हणूनच त्याने ज्ञानात काहीही भर पडत नाही. उपचार कोणता करावा, पुढील अपत्याला धोका किती, किरणांची मात्रा किती ठेवावी, यांतील एकाही प्रश्नावर तो प्रकाश टाकत नाही. त्याने भर पडते ती एकाच गोष्टीची, आणि ती म्हणजे दोषाची. लोकमान्य टिळकांनी गीतारहस्यात ‘कर्मविपाक व आत्मस्वातंत्र्य’ हे संपूर्ण प्रकरण ज्या प्रश्नासाठी लिहिले तो प्रश्न रोग्याचा निवाडा करण्याचा नव्हता. कर्माच्या साखळीत सापडलेल्या माणसाला स्वप्रयत्नाने पुढे जाण्याची मोकळीक कितपत आहे, असा तो होता. माणूस आपल्या पुढील कृतीची जबाबदारी घेताना कर्माची भाषा वापरतो तेव्हा ती भाषा त्याला उभे करते; तोच माणूस शेजाऱ्याच्या आजारी मुलाकडे बोट दाखवून ती वापरतो तेव्हा ती हिंसा ठरते. स्वतःविषयी बोलतानाही ती नेहमी निर्मळ असते असे नाही. चोखामेळ्याच्या अभंगांत हीन मानला गेलेला जन्म पूर्वकर्माचे फळ म्हणून पत्करल्याची भाषा आढळते, तर त्याचा मुलगा कर्ममेळा याच्या नावावरील अभंगांत याच जन्माबद्दल देवालाच जाब विचारलेला आहे. बापाने पत्करलेला अपराध मुलाने नाकारला, ही चौदाव्या शतकातील घटना मराठी धर्मविचारातील एक मोठे वळण आहे आणि वारशाच्या प्रश्नाचा विचार करणाऱ्याने ती विसरू नये.

भगवद्गीतेच्या अठराव्या अध्यायात कोणत्याही कर्माच्या सिद्धीला पाच कारणे सांगितली आहेत: अधिष्ठान, कर्ता, निरनिराळी साधने, नानाविध चेष्टा आणि पाचवे दैव, आणि जो केवळ आत्म्यालाच कर्ता समजतो त्याची बुद्धी असंस्कृत आहे, असा अभिप्राय लगेच पुढे दिला आहे. कर्करोगाच्या कारणमीमांसेला ही दृष्टी चांगली लागू पडते. वारशाने आलेला बिघाड, पेशीविभाजनात निव्वळ योगायोगाने होणाऱ्या चुका, तंबाखू, विषाणू, किरण आणि वेळेवर न झालेले निदान, यांपैकी एकाला कर्तेपण देऊन इतरांना सोडून देणे हे शास्त्राच्या दृष्टीने चूक आणि धर्माच्या दृष्टीनेही अपुरे आहे.

जव्हार-मोखाड्याच्या पाड्यांवर मात्र कर्मविपाक हा मूळचा विचार नाही; तो ब्राह्मणी ग्रंथांतून आणि बाजारपेठेच्या गावांतून झिरपत आलेला आहे. तेथील जुन्या समजुतीत दुखण्याचे कारण मागील जन्मापेक्षा भोवतालच्या नात्यांत असते: एखादा देव उपेक्षित राहिला, घरच्या पूर्वजाला वीर म्हणून पूजेला बसवायचे राहून गेले, कोणाची करणी झाली. भगत, म्हणजे पाड्यावरचा जाणता मांत्रिक, तांदळाचे दाणे मांडून ते कारण पाहतो. या पद्धतीची केवळ टवाळी करणाऱ्यांच्या नजरेतून तिचे एक बळ निसटते: भगत रोग्याला एकटा पाडत नाही, कुटुंबाला एकत्र बसवतो, काय बिघडले ते सांगतो आणि त्यावर करण्याजोगे काही सुचवतो, पूर्वजांशी बिनसलेले नाते जुळवता येते असे मानतो, म्हणजे वारशाकडे तो न फिटणाऱ्या शिक्षेच्या दृष्टीने पाहत नाही. अनुवंशशास्त्रीय समुपदेशन, म्हणजे तपासणीचा अर्थ कुटुंबाला उलगडून सांगण्याचे काम, यशस्वी व्हायचे असेल तर त्याला हीच शहाणीव लागते. परंतु त्याच पद्धतीची काळी बाजू तितकीच खरी आहे. कारण शोधता शोधता बोट एखाद्या विधवेकडे किंवा एकट्या बाईकडे वळते, तिला भुताळी, म्हणजे चेटकीण, ठरवले जाते आणि मग मारहाणीपर्यंत मजल जाते. महाराष्ट्राच्या 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्याने असा आरोप करून छळणे हा गुन्हा ठरवला, तो याच अनुभवामुळे. जेथे कारण सांगण्याची परिणती अपराधी नेमण्यात होते, तेथे कारण कितीही खरे असो, ते सांगण्याची रीत बदलावी लागते.

ही भीती जनुकांच्या भाषेलाही लागू आहे. प्रयोगशाळेचा अहवाल घरात आला की ‘हे कोणाकडून आले’ हा पहिला प्रश्न असतो, आणि पुरुषप्रधान घरात त्याचे उत्तर अहवाल वाचण्याआधीच ठरलेले असते. वास्तविक बीआरसीए-1 हे सतराव्या आणि बीआरसीए-2 हे तेराव्या गुणसूत्रावर आहे, ही गुणसूत्रे लिंगनिश्चिती करणारी नव्हेत, आणि त्यांतील बिघाड आईइतकाच बापाकडूनही येतो. स्तनाच्या कर्करोगाने दगावलेल्या मुलीला तो बिघाड स्वतः आयुष्यभर निरोगी राहिलेल्या बापाने दिलेला असू शकतो. अटॅक्सिया टेलँजिएक्टेशिया किंवा फॅन्कोनीसारख्या अप्रभावी विकारांत तर दोघेही वाहक असल्याखेरीज मूल सहसा आजारी होत नाही आणि प्रत्येक गर्भाच्या वेळी ती शक्यता चारांत एक असते. तरीही दोष सुनेच्या माहेरावर जातो. शास्त्राचे अर्धे ज्ञान अज्ञानाहून क्रूर होऊ शकते, आणि येथे ते होते.

यापुढची भीती अधिक व्यापक आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या 1957 मध्ये, त्यांच्या निधनानंतर प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात पूर्वजन्मीच्या कर्माच्या सिद्धांताची चिकित्सा करताना अनुवंशाचाही विचार केला आहे: देह आईबापांकडून येतो हे मान्य करूनही आत्मा बाहेरून येऊन आपले पूर्वकर्म सोबत आणतो, असे मानण्यास आधार काय, असा त्यांचा प्रश्न आहे. आणि या सिद्धांताचा हेतू शोधताना त्यांनी काढलेला निष्कर्ष असा की गरीब आणि दलितांच्या अवस्थेची जबाबदारी राज्याने व समाजाने टाळावी यापलीकडे त्याचा दुसरा हेतू संभवत नाही. आंबेडकरांचा हा निकष आज जनुकालाच लावून पाहिला पाहिजे. जव्हार तालुक्यातील वावर-वांगणी येथे 1992-93 मध्ये कुपोषणाने बालके दगावली तेव्हा हा मुलूख महाराष्ट्राच्या नकाशावर एकदम ठळक झाला, आणि त्या काळापासून येथील मृत्यूंचा दोष आदिवासींच्या चालीरीतींवर, लवकर होणाऱ्या लग्नांवर, त्यांच्या अज्ञानावर लोटण्याची सवय शासनव्यवहारात अधूनमधून डोके वर काढत आली आहे. उद्या त्या यादीत ‘त्यांची जनुकेच तशी’ हे वाक्य सामील झाले तर ते कर्मविपाकाचेच नवे रूप असेल. मोखाडा तालुक्यातील कोचाळे येथे बांधलेल्या मध्य वैतरणा धरणाचे पाणी मुंबईला जाते, आणि त्याच तालुक्यातील पाड्यांवर उन्हाळ्यात बायका पाण्यासाठी दरीत उतरतात. यात कोणाच्याही डीएनएचा संबंध नाही.

मग वारशाचे ज्ञान नाकारावे काय? तसे करणे अपराध ठरेल, कारण हे ज्ञान काही प्रसंगी प्राण वाचवते. कर्करोग झालेले मूल अटॅक्सिया टेलँजिएक्टेशियाचे आहे हे किरणोपचारापूर्वी कळले तर मात्रा टाळता किंवा घटवता येते. नंतर कळून उपयोग नसतो. बीआरसीएचा बिघाड असलेल्या तरुण स्त्रियांत तिशीपूर्वी घेतलेल्या क्ष-किरण तपासण्यांशी स्तनाच्या कर्करोगाचा वाढता धोका निगडित असल्याचे युरोपातील एका अभ्यासात 2012 मध्ये दिसून आले, आणि म्हणून त्यांच्यासाठी चुंबकीय प्रतिमेची, म्हणजे एमआरआयची तपासणी श्रेयस्कर मानली जाते. पण हेच ज्ञान अर्धवट पोहोचले तर क्षयाच्या संशयितानेही क्ष-किरणाला भ्यावे असा अनर्थ होईल. छातीच्या एका छायाचित्रातून मिळणारी मात्रा निसर्गातून काही दिवसांत मिळणाऱ्या मात्रेइतकीच असते, आणि या डोंगरात न ओळखलेला क्षय हा त्याहून अनेक पटींनी मोठा धोका आहे. येथे कर्तव्याचा प्रश्न उभा राहतो आणि त्याचे उत्तर देताना नीतिविचार बहुधा चुकीच्या माणसापुढे थांबतो. ‘आपला धोका जाणून घेणे हे व्यक्तीचे कर्तव्य आहे’ हे वाक्य मुंबईतील परळच्या रुग्णालयांत उच्चारणे सोपे आहे. जव्हारमध्ये पतंगशाह कुटीर रुग्णालय आहे, मोखाड्यात ग्रामीण रुग्णालय आहे. किरणोपचारासाठी मात्र नाशिक किंवा मुंबई गाठावी लागते. रुग्ण ज्याला ‘शेक’ म्हणतात ते उपचार आठवड्यातून पाच दिवस असे पाच-सहा आठवडे चालतात, आणि दिवाळीनंतर भिवंडी-वसईकडच्या वीटभट्ट्यांवर कामाला जाणाऱ्या कुटुंबाला तेवढे दिवस म्हणजे हंगामाचा मोठा तुकडा गमावणे असते. ज्याला ज्ञान मिळवण्याची वाटच नाही त्याच्यावर ज्ञानाचे कर्तव्य लादता येत नाही. ते कर्तव्य वाट बांधण्याची शक्ती ज्यांच्याकडे आहे त्यांच्याकडे जाते. टाटा स्मारक रुग्णालयात उपचार घेणाऱ्या गरीब रुग्णांना आणि त्यांच्या नातलगांना दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत आसरा मिळतो, हे या संदर्भात लक्षणीय आहे. आजारी माणसाच्या पूर्वकर्माची चौकशी न करता त्याला पथारी आणि अन्न देणे हाच ज्यांनी धर्म मानला, त्यांनी कर्मविपाकाचे खंडन कोणत्याही ग्रंथापेक्षा अधिक परिपूर्णपणे केले आहे.

संततीचा प्रश्न सर्वांत नाजूक आहे. वैदिक परंपरेत माणूस देवऋण, ऋषिऋण आणि पितृऋण घेऊन जन्मतो आणि पितृऋण संततीने फिटते असे मानले आहे. आता शास्त्र असे सांगू लागले आहे की संततीला देताना पूर्वजांचा बिघाडही दिला जाऊ शकतो. असे मूल जन्माला घालणारे आईबाप त्या मुलाचे अपराधी ठरतात काय? इंग्लिश तत्त्वज्ञ डेरेक पार्फिट यांनी 1984 मध्ये मांडलेला विचार येथे उपयोगी पडतो: त्या मातापित्यांनी दुसऱ्या वेळी दुसरा गर्भ धारण केला असता तर जन्मलेले मूल निरोगी असते, परंतु ते हेच मूल नसते, म्हणून या मुलाचे त्यांनी काही हिरावून घेतले असे म्हणता येत नाही. या तर्काने आईबापांवरील अपराधाचे ओझे उतरते, मात्र पुढील निर्णय जाणतेपणी घेण्याची गरज उरतेच. जव्हार-मोखाड्याला हा प्रश्न अगदीच नवा नाही. सिकलसेल हा विकार दुरुस्ती-जनुकांचा नसून रक्तातील हिमोग्लोबिनचा आहे, पण दोन वाहकांच्या पोटी येणाऱ्या मुलाला चारांत एक शक्यता, हे गणित त्यातही तेच आहे, आणि 1 जुलै 2023 रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहिमेने आदिवासी भागांतील चाळिशीपर्यंतच्या सात कोटी लोकांच्या तपासणीचे उद्दिष्ट ठेवल्यामुळे ‘वाहक’ हा शब्द आश्रमशाळांपर्यंत पोहोचू लागला आहे. वारल्यांत एकाच कुळात लग्न न करण्याचा नियम जुना आहे. त्यामागे अनुवंशाचे ज्ञान होते असा दावा करण्याची गरज नाही, परंतु लग्न जुळवताना रक्ताचा विचार करणे त्यांना परके वाटणार नाही. मात्र वाहक मुलगी ‘नापास’ ठरून घरात बसणार असेल आणि वाहक मुलगा खुशाल लग्न करणार असेल, तर त्या तपासणीने भुताळीचीच दुसरी आवृत्ती निर्माण केली असे म्हणावे लागेल.

डीएनएची दुरुस्ती जर परिपूर्ण असती तर जनुकांत कधीच बदल झाला नसता, आणि बदलाविना उत्क्रांतीही झाली नसती. म्हणजे ज्या त्रुटीमुळे कर्करोग होतो तिच्यामुळेच मनुष्यजात अस्तित्वात आली. हा विचार खरा आणि गंभीर आहे, पण आजारी मुलाच्या आईपुढे तो सांत्वन म्हणून मांडण्याचा अधिकार कोणालाही नाही, कारण समष्टीच्या लाभाने एका जीवाच्या वेदनेची भरपाई होत नाही. त्यापेक्षा एक लहान गोष्ट तिला सांगण्याजोगी आहे. बीआरसीएच्या बिघाडामुळे दुबळ्या झालेल्या कर्कपेशींचा दुरुस्तीचा उरलेला मार्गही रोखून त्यांना मारणारी औषधे 2014 पासून वापरात आली आहेत. वारशाने आलेल्या उणिवेतूनच उपचाराची वाट निघाली, ती संशोधकांनी त्या उणिवेकडे निवाडा म्हणून न पाहता कारण म्हणून पाहिल्यामुळे.

हीच दृष्टी कायद्यातही यायला हवी. जनुकीय माहितीच्या आधारे नोकरीत किंवा आरोग्यविम्यात भेदभाव करण्यास मनाई करणारा कायदा अमेरिकेने 2008 मध्ये केला. भारतात असा स्वतंत्र कायदा अद्याप नाही. आदिवासी तालुक्यांत जनुकीय तपासण्यांचा विस्तार करण्यापूर्वी तो कायदा झाला पाहिजे. तपासणीचा अहवाल आधी त्या व्यक्तीच्या हातात आणि तिच्या बोलीत समजावून दिला गेला पाहिजे. आणि ज्या आजाराची तपासणी जव्हारला होईल त्याच्या उपचाराचा प्रवासखर्च आणि बुडालेली मजुरी यांची तरतूद त्याच आदेशात असली पाहिजे.